थेट जावं की थांबत जावं?

धाकटे दीर आणि जाऊबाई न्यू जर्सीत राहतात, त्यामुळे मुलांच्या उन्हाळी सुट्टीचा मोठा भाग आमच्या घरी अमेरिकेच्या नावाने राखलेला असतो. निघणारी माणसं पाच: आम्ही दोघं, शाळेत जाणारा मुलगा, त्याच्याहून बरीच लहान मुलगी आणि सासूबाई. मुंबईहून थेट न्यूयॉर्क गाठावं की आखातात किंवा युरोपात विमान बदलावं, हा विषय जानेवारीत तिकिटं बघायला घेतली की हमखास निघतो. आम्ही दोन्ही रीतींनी गेलो आहोत आणि दोन्ही रीतींनी परत आलो आहोत. माझं मत आधीच सांगून टाकते. भाडं आणि तास या दोन आकड्यांवर हा निर्णय करू नये. बरोबरच्या माणसांत सर्वांत आधी कोण थकतं आणि ते थकेल त्या वेळी आपण कुठे असू, ते आधी बघावं. बाकीचे हिशेब त्यानंतर.

१. तास घराच्या दारापासून मोजावेत

मुंबई ते न्यूयॉर्क साधारण साडेबारा हजार किलोमीटर. थेट विमान जाताना १६ तासांच्या आसपास घेतं. येताना वरच्या थरातले पश्चिमेचे वारे पाठीशी असतात, म्हणून थोडं लवकर पोचतं. तिकिटावर एवढंच दिसतं. पण आमच्यासारख्या पुणेकराचा प्रवास सहारला, मुंबईच्या विमानतळावर, सुरू होत नाही, कोथरूडला किंवा हडपसरला सुरू होतो. विमान मध्यरात्रीनंतरचं असलं तर संध्याकाळी सहाला गाडी दारात हवी. द्रुतगती मार्गावर खंडाळ्याच्या घाटात ट्रक अडकला की तास-दीड तास तिथेच जातो. विमानतळावर तीन तास आधी पोचायचं, सामान द्यायचं, शिक्के, तपासणी. मूल विमानात चढतं तेव्हा त्याची झोपायची वेळ उलटून पाच तास झालेले असतात. पलीकडे उतरल्यावर पारपत्र तपासणीची रांग आणि दिरांच्या घरापर्यंतचा रस्ता. सोळाचे सव्वीस-सत्तावीस कधी झाले ते कळत नाही.

हा हिशेब मांडला की तुलना बदलते. पुण्याच्या लोहगावहून दुबईला विमानं आहेत. तिथून पुढचं विमान त्याच तिकिटावर मिळत असेल तर पुणेकराने ते जरूर तपासावं, कारण घाट, टॅक्सी आणि मुंबईतली रात्र, तिन्ही वाचतात. नागपूर, कोल्हापूर, संभाजीनगरकडच्या माणसांना तर मुंबईचं ‘थेट’ विमान धरायलाही आधी एक विमान किंवा रात्रीची गाडी लागतेच. त्यांच्यासाठी आता आणखी एक काळजी वाढली आहे. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरून विमानं सुटू लागली. आपलं देशांतर्गत विमान तिथे, म्हणजे उलव्याला, उतरणार आणि परदेशाचं सहारहून सुटणार असेल, तर मध्ये मुंबईची रहदारी उभी आहे. तिकिटावर नुसतं ‘मुंबई’ वाचून थांबू नये, विमानतळाचं नाव वाचावं.

२. थांबा आहे की नाही यापेक्षा तो किती वाजता येतो, हे मुलांसाठी महत्त्वाचं

लहान मुलांबरोबर थेटच जावं, हा सल्ला सगळे देतात. तो निम्माच खरा आहे.

मूल पाळण्यात मावण्याएवढं असेल तोवर थेट विमानाला तोड नाही. पुढच्या भिंतीला अडकवायचा पाळणा मोजक्याच जागांवर असतो. त्याला वजनाची मर्यादा असते आणि ती प्रत्येक कंपनीची वेगळी असते, म्हणून तिकीट काढल्याच्या दिवशीच फोन करून तो मागून ठेवावा. विमान हलू लागलं की बाळाला पाळण्यातून उचलून मांडीवर घ्यावं लागतं, हेही मनाशी धरून ठेवावं.

चालायला लागलेल्या मुलाचं गणित वेगळं. आमची मुलगी दीड-दोन वर्षांची असताना थेट विमानातले पहिले आठ तास झोप, जेवण, चित्रांची पुस्तकं यांत निघाले. नंतरचे आठ तास मात्र मधल्या वाटेत फेऱ्या घालण्यात गेले. एकदा मी, एकदा तिचे बाबा. आजूबाजूची माणसं झोपलेली, दिवे मालवलेले, आणि हिला धावायचं होतं. त्या वयात मध्ये तीन तास मोकळ्या जागेत पळायला मिळणं हा मोठा दिलासा असतो. आखातातल्या आणि युरोपातल्या बऱ्याच मोठ्या विमानतळांवर मुलांना खेळायला कोपरे केलेले आहेत.

पण हाच थांबा मूल गाढ झोपल्यावर तासाभरात आला तर त्यासारखा त्रास नाही. मुंबईहून पहाटे चारला सुटणारं विमान तीन-सव्वातीन तासांत दुबईला उतरतं. मूल कसंबसं झोपलेलं असतं, त्याला उठवायचं, जोडे घालायचे, तपासणीत पुन्हा बाबागाडी मिटायची. त्याउलट युरोपातून जाणाऱ्या वाटेचा पहिला टप्पा आठ-नऊ तासांचा असतो. मुलाची झोप पुरी होते आणि ते आपसूक जागं होण्याच्या सुमाराला विमान उतरतं. म्हणून मी आता थांब्याच्या गावाचं नाव नंतर बघते. आधी तिथे उतरू तेव्हा पुण्यात किती वाजलेले असतील ते बघते, कारण मुलाचं शरीर त्या दिवशी तरी पुण्याच्याच घड्याळावर चालतं.

कानांचंही लक्षात ठेवावं. विमान खाली येताना दाब वाढतो आणि लहान मुलांच्या कानाची आतली नळी अरुंद असल्यामुळे त्यांना तो लवकर जुळवून घेता येत नाही. थांबा घेतला की हे उतरणं दोनदा. मुलाला सर्दी असेल तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवावं, आणि विमान उतरू लागलं की दूध, पाणी किंवा चघळायला काही द्यावं, म्हणजे गिळताना कान मोकळे होतात.

३. वडीलधाऱ्यांच्या गुडघ्यांना विचारावं

सासूबाईंचं वय पंच्याहत्तरीच्या पुढचं, गुडघे दुखरे. घरी सगळ्यांनी गृहीत धरलं होतं की त्यांना थेटच सोसेल. एका परतीच्या प्रवासानंतर त्या स्वतःच म्हणाल्या, “मध्ये उतरून चार पावलं टाकली ना, की पाय माझे वाटतात गं. सलग बसले की कोणाचे तरी आणून लावल्यासारखे होतात.”

त्यांच्या म्हणण्याला वैद्यकीय आधार आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार चार तासांहून अधिक वेळ बसून प्रवास केला तर शिरेत रक्ताची गाठ होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. निरोगी माणसात तो मुळात कमी असतो, सुमारे ६,००० जणांत एक, म्हणून घाबरून जाण्याचं कारण नाही. पण वय, स्थूलपणा, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया यांनी तो वाढतो. त्याच अभ्यासात असंही आढळलं की थोड्या दिवसांत पाठोपाठ विमानप्रवास केले तरी धोका चढतो. म्हणजे थांबा घेतला की सुटलो, असं नाही. पायांची हालचाल होणं महत्त्वाचं, मग ती विमानात होवो की विमानतळावर. थेट विमानाने जायचं ठरलं तर आईंना वाटेकडेची जागा देते आणि दर दीड-दोन तासांनी म्हणते, “आई, चला, मागपर्यंत एक चक्कर मारून येऊ.”

दमा, हृदयविकार असेल त्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. विमानातला दाब जमिनीवरच्या इतका नसतो. तो ६ ते ८ हजार फूट उंचीवरच्या दाबाइतका ठेवलेला असतो. कळसूबाईचं शिखर ५,४०० फूट आहे, म्हणजे आपण त्या माथ्याहून उंच जागी सोळा तास बसतो, तेही अतिशय कोरड्या हवेत. बोइंग ड्रीमलायनर आणि एअरबस ३५० या नव्या विमानांत हा दाब ६ हजार फुटांच्या आसपासचा असतो आणि आईंना त्यातला फरक जाणवतो. म्हणून थेट की थांबत, याच्या जोडीने विमान कोणतं आहे हेही मी बघते.

आता थांब्याची दुसरी बाजू. मोठ्या विमानतळावर एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत वीस-पंचवीस मिनिटं चालणं, मध्ये सरकते जिने, कधी आतली रेल्वे. चाकाची खुर्ची निदान ४८ तास आधी नोंदवावी आणि ती घेताना अजिबात संकोच करू नये. आपल्याकडच्या बायका “मला काय झालंय, मी चालेन” म्हणतात आणि मग अर्ध्या वाटेत बसायला जागा शोधतात. खुर्ची असली तरी दोन गोष्टी ठाऊक हव्यात. खुर्चीचे प्रवासी सगळं विमान रिकामं झाल्यावर उतरतात. आणि पुष्कळ ठिकाणी खुर्चीबरोबर एकाच माणसाला जाऊ देतात. आमची तिथे वाटणी ठरलेली आहे. आईंबरोबर नातू जातो, त्याच्या गळ्यात दोघांची कागदपत्रं आणि माझा नंबर. आम्ही धाकटीला घेऊन मागून चालत येतो. हे आधी ठरलेलं असलं की परक्या विमानतळावर कोणी घाबरं होत नाही.

४. तीन तास हा थांबा, दीड तास ही धावपळ

तिकिटांच्या याद्यांत दीड तासाचे थांबे वर दिसतात, कारण त्यांनी एकूण वेळ कमी भरते. एकट्या तरुण माणसाला ते चालतील. आमच्यासारख्या कुटुंबाचं असं होतं: खुर्चीमुळे उतरायला अर्धा तास, तपासणीला अर्धा तास, स्वच्छतागृहाला पंधरा-वीस मिनिटं, चालायला तेवढीच. पुढच्या विमानाचं दार सुटायच्या आधीच बंद होतं. पहिलं विमान वीस मिनिटं उशिरा आलं तरी सगळं कोलमडतं.

अडीच ते चार तास आम्हाला बरे पडतात. सहा ते दहा तासांचा थांबा सर्वांत वाईट, कारण तेवढ्यात बाहेर पडून आराम होत नाही आणि खुर्चीत बसवत नाही. रात्रीचा दहा तासांहून मोठा थांबा असेल तर विमानतळाच्या आतल्याच हॉटेलात खोली घ्यावी आणि तो खर्च तिकिटातच धरावा.

५. एकच तिकीट

याबाबतीत मी कोणाचंही ऐकत नाही. मुंबई–दुबई एका कंपनीचं, दुबई–न्यूयॉर्क दुसऱ्याच कंपनीचं, दोन वेगळी तिकिटं, माणशी सात हजार स्वस्त, असा सल्ला देणारे भेटतात. पहिलं विमान उशिरा पोचून दुसरं चुकलं तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही आलाच नाहीत. सामान मध्ये काढून पुन्हा द्यायचं, त्यासाठी त्या देशाचा व्हिसा लागू शकतो, आणि दुसरी कंपनी बॅगा आपल्या नियमाने पुन्हा तोलते.

एका तिकिटावर सगळे टप्पे असले की पुढे पोचवण्याची जबाबदारी कंपनीची. युरोपातून जाणाऱ्यांना आणखी संरक्षण आहे. युरोपीय संघाचा २००४ चा २६१ क्रमांकाचा नियम तिथल्या विमानतळावरून निघणाऱ्या कुठल्याही विमानाला आणि तिथे येणाऱ्या युरोपीय कंपनीच्या विमानाला लागू होतो. कंपनीच्या चुकीने शेवटच्या मुक्कामी तीन तासांहून उशीर झाला तर लांबच्या प्रवासात माणशी ६०० युरोपर्यंत भरपाई मागता येते, आणि वाट बघावी लागते तोवर जेवण व गरजेप्रमाणे राहण्याची सोय कंपनीने करायची असते. आमचं पुढचं विमान युरोपात चुकलं तेव्हा रात्री अकराला आम्हाला हॉटेलच्या चिठ्ठ्या मिळाल्या आणि दुसऱ्या दिवशीची पाच आसनं. दोन तिकिटं असती तर त्या रात्री पाच नवी तिकिटं विकत घ्यावी लागली असती.

६. सामान आणि शिक्का कुठे

अमेरिकेत ज्या विमानतळावर पहिलं पाऊल पडतं तिथेच पारपत्र तपासणी होते आणि तिथेच सगळं सामान ताब्यात घेऊन, सीमाशुल्कातून नेऊन, पुढच्या विमानासाठी पुन्हा द्यावं लागतं. बोस्टनला किंवा रॅलेला जाणारी मंडळी नेवार्कपर्यंत थेट जातात आणि तिथे दहा बॅगा, म्हातारी आई आणि झोपलेलं मूल घेऊन हे सगळं करतात. त्यांच्यासाठी थांबा अलीकडे घेऊन मुक्कामाच्याच गावी उतरणारं विमान पकडणं केव्हाही सोपं.

अबू धाबीची सोय या दृष्टीने फार चांगली आहे. अमेरिकेची तपासणी तिथेच होते, अमेरिकेचेच अधिकारी ती करतात. विमान अमेरिकेत देशांतर्गत विमानासारखं उतरतं. सोळा-अठरा तासांच्या प्रवासानंतर तास-दोन तासांच्या रांगेत उभं राहणं टळतं, आणि आईंसाठी माझ्या लेखी त्याची किंमत तिकिटातल्या फरकाहून जास्त आहे. तिथे तीन तासांहून कमी थांबा मात्र घेऊ नये.

वाटेतल्या देशाचा व्हिसा प्रत्येक पारपत्रासाठी वेगळा तपासावा. मुलांकडे अमेरिकेचं पारपत्र आणि आजी-आजोबांकडे भारताचं, अशी कितीतरी मराठी घरं आहेत. विमानतळाबाहेर न पडताही काही देश व्हिसा मागतात, अमेरिकेचा चालू व्हिसा असल्यास अनेकदा सूट देतात, आणि हे नियम बदलतात. तिकीट काढण्याआधी त्या देशाच्या दूतावासाची माहिती बघावी.

खाऊचं थोडक्यात: मधल्या विमानतळावर हातातल्या पिशवीची तपासणी पुन्हा होते. दशम्या, मेतकूट, कोरडी चटणी, लाडू हातात चालतात. तूप, लोणचं आणि आत विकत घेतलेलं पाणीसुद्धा अडवतात, तेव्हा बरण्या मोठ्या बॅगेत.

७. आकाशाचा भरवसा धरू नये

थेट म्हणजे निश्चित, ही समजूत मागच्या काही वर्षांनी मोडली आहे. युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर २०२२ साली रशियावरून जाण्याची वाट अमेरिकी कंपन्यांना बंद झाली आणि एका अमेरिकी कंपनीची नेवार्क–मुंबई थेट सेवा त्यात थांबली. २४ एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं, तेव्हा दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना इंधनासाठी युरोपात उतरावं लागलं. त्याच महिन्यात लंडनहून मुंबईला येणारं थेट विमान एका प्रवाशाच्या तब्येतीमुळे तुर्कस्तानात दियारबाकिरला उतरलं आणि अडीचशेच्या वर माणसं तिथे दीड दिवसाहून अधिक काळ अडकून पडली.

पण थांब्याचे विमानतळही असेच बंद पडतात. १६ एप्रिल २०२४ च्या पावसात दुबई विमानतळ पाण्याखाली गेला. २१ मार्च २०२५ ला वीज उपकेंद्राला आग लागून हीथ्रो दिवसभर बंद राहिलं. २३ जून २०२५ च्या रात्री कतारने आकाश बंद केलं आणि दोह्याकडे निघालेली विमानं वाटेतून फिरली. दोन्ही पारडी जवळजवळ सारखी. म्हणून मी यातून बाजू निवडत नाही, तयारी करते. आईंची रोजची औषधं तीन दिवसांची जास्तीची, हातातल्याच पिशवीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. धाकटीचे दोन जोड कपडे. आणि पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी कुठलंही आगाऊ आरक्षण नाही.

 

८. फरक पाचाने गुणावा, मग वजा करावा

माणशी १५ हजारांचा फरक म्हणजे आमच्या घरचे ७५ हजार. तेवढ्यात नायगाराच्या दोन रात्री निघतात, त्यामुळे पैशाचा विचार करणाऱ्याला कोणी हिणवू नये. मात्र थांब्याचे खर्च त्यातून वजा करावेत: विमानतळावरचं जेवण, खोली, कुठे लागलाच तर व्हिसा. आमचा ठोकताळा असा की माणशी दहा हजारांपर्यंतचा फरक असला तर ज्या वाटेने आई आणि धाकटी सुखाने जातील ती वाट. त्यापुढे चर्चा.

दोन वर्षांखालच्या मुलाला मांडीवर घेतलं तर साधारण दहा टक्के भाडं पडतं. परतीच्या तारखेआधी त्याची दोन वर्षं पुरी होत असतील तर येताना पूर्ण आसन घ्यावं लागतं. सुट्टीच्या तारखा ठरवताना हा वाढदिवस समोर असू द्यावा.

९. जाणं आणि येणं वेगळं धरावं

एकाच कंपनीने, एकाच रीतीने जाऊन-येऊन तिकीट काढायची आपल्याला सवय आहे. पण दोन्ही प्रवासांत माणसं सारखी नसतात. जाताना उत्साह असतो, मुलं काकाकडे जायच्या आनंदात असतात, आई ताज्या असतात. थांबा सोसतो, मुलांना तर तो सुट्टीचाच भाग वाटतो. येताना सगळे दमलेले. फिरून झालेलं, निरोपाने आई गप्प झालेल्या, बॅगा जड. दोन्ही देशांच्या घड्याळांत साडेनऊ तासांचं अंतर, आणि पूर्वेकडे येताना शरीराला ते जुळवायला जास्त जड जातं. उतरल्यावर पुन्हा मुंबई–पुणे आहेच, आणि आठवड्याभरात शाळा. तेव्हा मध्ये कुठे उठायला लागू नये असं मला वाटतं.

त्यामुळे यंदा जाताना अबू धाबीवरून, साडेतीन तासांचा थांबा घेऊन. आणि येताना न्यूयॉर्कहून थेट मुंबई, वाटेकडेच्या दोन जागा आईंसाठी आणि माझ्यासाठी, मधल्या रांगेत बाप-लेक आणि धाकटी. मुंबईत उतरल्या दिवशी पुण्याला न निघता ठाण्याला नणंदेकडे रात्रभर मुक्काम. नणंदेला तसं कळवलंही आहे.